आधी दाविदाकडे जा : उपवासकाळाच्या तोंडावर धर्मगुरूंना आणि पाळकांना खुले पत्र

आदरणीय बिशपमहोदय, फादर, पाळकसाहेब आणि मंडळीच्या कारभाराची जबाबदारी वाहणारे वडीलजन,

प्रभू येशूच्या नावात नमस्कार.

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला आहे. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात धरून आम्ही 'होसान्ना' म्हटले, त्याच वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली राख तुम्ही आमच्या कपाळाला लावाल आणि म्हणाल, 'पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा.' त्यानंतरचे सगळे दिवस तुमच्या उपदेशात दोन शब्द पुन्हा पुन्हा येतील, पश्चात्ताप आणि क्षमा. माझे पत्र या दोन शब्दांच्या क्रमाबद्दल आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आपल्याकडे क्षमेचा उपदेश अगदी थेट होतो, घरी जाऊन होतो, नाव घेतले नाही तरी सगळ्यांना कळेल असा होतो. ज्याने अन्याय केला त्याच्या वाट्याला येणारा पश्चात्तापाचा उपदेश मात्र इतका मोघम असतो की तो आपल्यासाठी आहे हे त्याला कळतही नाही. हा क्रम बदला, एवढे मागण्यासाठी मी लिहितो आहे.

अन्याय झालेला माणूस म्हणून मी हे लिहीत नाही. अन्याय मी केला आहे.

वडील गेले तेव्हा घराची कागदपत्रे माझ्या ताब्यात होती. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, व्यवहारातले फारसे कळत नसे, आणि जे कळे तेही तो माझ्यावर सोपवून निश्चिंत होई. 'करासाठी लागतात' असे सांगून मी त्याच्या काही कागदांवर सह्या घेतल्या. त्यांतल्या एका कागदाने त्याचा हिस्सा माझा झाला. त्याला ते कळेपर्यंत दीड वर्ष गेले होते. एकदाच मोठे भांडण झाले, मग बोलणे बंद झाले. तो कोर्टात गेला नाही. भावाने भावाला न्यायालयात नेऊ नये असे पौलाने करिंथकरांना लिहिले आहे, हे त्याला कोणीतरी आवर्जून सांगितले होते. त्याच अध्यायात पौल अन्याय करणाऱ्यांनाही खडसावतो. तो भाग मला कोणी येऊन वाचून दाखवला नाही.

पुढची नऊ वर्षे मी दर उपवासकाळात पापनिवेदन केले, म्हणजे फादरांसमोर आपली पापे कबूल केली. गुडघे टेकून ठरलेली तीन वाक्ये म्हणायचो: लोभ केला, राग आवरला नाही, प्रार्थनेत लक्ष लागत नाही. 'लोभ' या शब्दात दादाचे अख्खे घर मावले होते, पण बाहेरून तो शब्द इतरांच्या लोभासारखाच दिसत होता. काही प्रार्थना म्हणण्याचे प्रायश्चित्त मिळे, मी त्या म्हणे, आणि हलका होऊन घरी येई. ते हलकेपण खोटे होते असे म्हणवत नाही. मला तेव्हा खरोखर बरे वाटत असे. भीती वाटते ती त्याचीच.

त्याच नऊ वर्षांत दादाच्या घरी माणसे जात होती. चांगली माणसे, मनापासून भले इच्छिणारी. 'धाकटा आहे, सोडून द्या. ख्रिस्ती माणसाने मनात अढी धरू नये. ईस्टरच्या आत मिटवून टाका.' दर वर्षी हेच. दादाने कोणाला उलट उत्तर दिले नाही. त्याने फक्त प्रभुभोजनासाठी, म्हणजे वेदीपाशी दिली जाणारी पवित्र भाकर घेण्यासाठी, पुढे येणे थांबवले. प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही ओळ आली की तो गप्प होई, असे वहिनींनी मला फार उशिरा सांगितले. आपण ऋण सोडलेले नाही, तर तसे तोंडाने म्हणून वेदीपाशी जायचे कसे, एवढा साधा त्याचा विचार होता. मी मात्र दर रविवारी रांगेत असायचो. नऊ वर्षे घेणारा वेदीपाशी होता आणि ज्याचे घेतले तो मागच्या बाकावर बसून होता, आणि चर्चमधल्या सगळ्यांना काळजी होती ती मागच्या बाकावरच्या माणसाच्या आत्म्याची.

दहाव्या वर्षी पापनिवेदनाला वेगळे फादर होते. 'लोभ केला' म्हणून मी पुढच्या वाक्याकडे निघालो तर त्यांनी थांबवले. 'कुणाचे काय घेतलेस?' मी अडखळत सांगितले. 'परत केलेस?' नाही म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की इथे जे बोललास ते त्याच्यासमोर जाऊन बोलायचे आणि घेतलेले परत द्यायचे, हा निश्चय देवाला साक्षी ठेवून करणार असशील तर मी पापक्षमेचे शब्द उच्चारतो. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाची पहिली काही वचने घरी जाऊन वाच, असेही त्यांनी सांगितले. पापनिवेदनाची गुप्तता त्यांना बांधते, मला नाही, म्हणून हे मी लिहू शकतो. त्या प्रश्नाला अर्धे मिनिटही लागले नसेल. तो विचारला जायला मात्र नऊ वर्षे गेली.

गणनाचे ते वचन मी त्या रात्री वाचले. कोणी कोणाचे नुकसान केले असेल तर त्याने आपले पाप कबूल करावे, नुकसान पूर्ण भरून द्यावे, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि ते ज्याचे नुकसान झाले त्याला द्यावे. कबुली आणि भरपाई तिथे एकाच वाक्यात येतात. लेवीय 6 तर वेळही सांगते: दोषार्पणाचा दिवस आला की त्या दिवशी मूळ धन्याची वस्तू त्याला द्यायची, आणि मग याजकाकडे मेंढा न्यायचा. आधी माणूस, मग वेदी.

येशूने हेच डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले, पण ते वचन आपण कोणाला ऐकवतो ते पाहा. मत्तय 5:23-24. तू आपले दान वेदीजवळ आणले आणि 'तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे' असे तुला तिथे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. दादाला हे वचन किमान तिघांनी ऐकवले. ते त्याला लागूच होत नाही! ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने वेदीवरून उठायचे आहे. उठायचे मी होते. दुखावलेल्या माणसासाठी वेगळे वचन आहे, मार्क 11:25. तुम्ही प्रार्थनेला उभे असताना कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर त्याची क्षमा करा. ते वचन कठीण आहे आणि मी ते खोडायला निघालेलो नाही. पण त्यात दुखावलेल्या माणसाला कोणाच्या दारी जायला सांगितलेले नाही, कोणासमोर हात पुढे करायला सांगितलेले नाही. तो देवासमोर उभा आहे आणि ती गोष्ट त्याच्या आणि देवाच्या मधली आहे. एकाला चालायला लावणारे वचन आपण दुसऱ्याच्या हातात दिले.

आपल्या मराठीत 'परत' या शब्दाने दोन गोष्टी होतात, माणूस परत फिरतो आणि वस्तू परत देतो. संदेष्ट्यांनी लोकांना पश्चात्तापासाठी बोलावताना जो इब्री शब्द वापरला, शूव, त्याचाही मूळ अर्थ परत फिरणे असाच आहे. 'पश्चात्ताप' या संस्कृत शब्दात नुसता नंतरचा ताप आहे, आणि ताप उतरू शकतो. माझा दर वर्षी उतरत असे.

आता दावीद राजा. उपवासकाळात स्तोत्र 51 आपण जितके म्हणतो तितके दुसरे कोणते म्हणत नसू. त्या स्तोत्राच्या शीर्षकातच सांगितले आहे की दावीद बथशेबाकडे गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचे हे स्तोत्र. नाथान कोणाकडे आला, इकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. बथशेबाचा नवरा उरीया मेला होता, दाविदानेच त्याला मारवले होते. बथशेबा शोक करून राजवाड्यात आणली गेली होती. उरीयाच्या घरची, ओळखीची माणसे असतीलच. देवाने नाथानाला त्यांच्याकडे पाठवले नाही. 'राजा आहे, झाले गेले विसरा, मनात कटुता ठेवू नका,' असे सांगायला देवाने कोणालाही पाठवल्याचे त्या कथेत कुठे येत नाही. नाथान थेट सिंहासनापाशी गेला. तिथेही त्याने 'आपण सारेच पापी आहोत' असा सर्वांना लागू पडेल असा उपदेश केला नाही. एका श्रीमंताची, एका गरिबाची आणि त्या गरिबाच्या ताटातले खाणाऱ्या, त्याच्या उराशी निजणाऱ्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली. दावीद संतापून म्हणाला, तो मनुष्य मरणास पात्र आहे, त्याने मेंढीची चौपट भरपाई केली पाहिजे. आणि नाथान म्हणाला, 'तो मनुष्य तूच आहेस.'

स्तोत्र 51 मधली एक ओळ मी कित्येक वर्षे पांघरुणासारखी वापरली: 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.' ती म्हणताना मला वाटायचे, चला, प्रकरण देवाकडे आहे, दादा यात येतच नाही. दाविदाच्या तोंडी ही ओळ येते तेव्हा उरीया थडग्यात आहे, त्याला परत देण्यासारखे दाविदाच्या हाती काहीही उरलेले नाही. माझा भाऊ जिवंत होता, दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. मला ती ओळ त्या अर्थाने म्हणण्याचा अधिकार नव्हता. तुमच्यापैकी कोणी या ओळीवर बोलणार असाल तर समोरच्या बाकांवर माझ्यासारखा कोणी बसला असेल हे कृपया धरून बोला.

दाविदाच्या तोंडचे ते 'चौपट' पुढे यरीहोत पुन्हा ऐकू येते. निर्गम 22 मध्ये नियम आहे: मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर एकाच्या बदल्यात चार द्यावीत. आपण होऊन कबूल करणाऱ्याला मात्र मूळ वस्तू आणि वर पाचवा हिस्सा एवढेच पुरे होते. यरीहोतल्या जक्कय नावाच्या जकातदाराला कोणी पकडले नव्हते. तरी तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. पकडल्या गेलेल्या चोराचा दर त्याने स्वतःला लावून घेतला. 'आज या घराला तारण प्राप्त झाले आहे' हे येशूचे शब्द त्यानंतर येतात. जक्कयाने ज्यांना लुबाडले होते त्यांना त्याच्याविषयी चांगले वाटू लागले का, ते लूकने लिहिलेले नाही. त्यांना कोणी तसे सांगायलाही गेले नाही.

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण दादाकडे जाणारेही तेच म्हणत. सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर. वधस्तंभावरचे 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' या दोन्ही वचनांपुढे मी डोके टेकवतो. पण मत्तय 18 मध्ये 'सातांच्या सत्तर वेळा' च्या आधी पंधराव्या वचनापासून काय आहे? तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, त्याचा दोष त्याला दाखव, ऐकले नाही तर एकदोघांना घेऊन जा, तेही ऐकले नाही तर मंडळीला सांग. मंडळीने कोणाशी बोलायचे? अपराध करणाऱ्याशी. लूक 17 मध्ये तर एकाच वचनात आहे: दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. वधस्तंभावर येशूने क्षमा मागितली ती स्वतःच्या वेदनेतून, स्वतःच्या मुखाने. खाली उभे राहून 'आता यांना क्षमा कर बरे' असे त्याला कोणी सांगत नव्हते. उधळ्या पुत्राचा बाप धावत गेला तोही आपण होऊन, शेजाऱ्यांनी ढकलले म्हणून नाही. दुखावलेल्या माणसाने अपराध्याची वाट न पाहता क्षमा केली तर ती देवाची मोठी कृपा आहे आणि अशी कृपा झालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यावर ती बाहेरून कोणी लादली नव्हती. आपण म्हणतोही 'क्षमा मागणे'. मागणाऱ्याला कधी नकारही मिळतो, आणि तो ऐकून घेण्याची तयारी मागण्यातच धरलेली असते.

आणखी एका गोष्टीबद्दल अधिक गंभीरपणे बोलायला हवे. माझ्या प्रकरणात पैसा आणि घर होते. तुमच्याकडे येणाऱ्या काही स्त्रिया मार खाऊन आलेल्या असतात. काही तरुण मुले-मुली लहानपणी ज्याने त्यांच्याशी दुष्कृत्य केले त्याच माणसाला दर रविवारी पुढच्या बाकावर पाहत असतात. त्यांना 'उपवासकाळ आहे, क्षमा करून घरी परत जा' असे सांगणे म्हणजे त्यांना पुन्हा त्याच हातांत देणे आहे. क्षमा आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस मनातून द्वेष सोडू शकतो आणि तरीही दाराला कडी लावू शकतो, पोलिसांत जाऊ शकतो. भावांनीच विकलेल्या योसेफाचे उदाहरण तुम्हीच आम्हाला शिकवले. भाऊ धान्य मागायला समोर आले तेव्हा त्याने लगेच ओळख दिली नाही. बन्यामीनाला ठेवून घेण्याची वेळ आणली आणि पाहिले, की ज्यांनी एका भावाला विकले ते दुसऱ्यालाही सोडून जातात का. यहूदा पुढे होऊन म्हणाला, त्याच्या जागी मला दास करून ठेवा, तेव्हा योसेफाला रडू आवरेना आणि त्याने ओळख दिली. ही परीक्षा पाहिल्याबद्दल शास्त्राने योसेफाला दोष दिलेला नाही.

मी काही नवे मागत नाही. मंडळीला हे एकेकाळी नीट माहीत होते. इ.स. 325 च्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेचा पाचवा नियम वाचा. प्रत्येक प्रांतातल्या बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावे, त्यांतली एक बैठक चाळीस दिवसांच्या काळाआधी व्हावी, आणि कोणाला मंडळीबाहेर काढले असेल तर ते बिशपाच्या क्षुद्रपणामुळे, भांडखोरपणामुळे किंवा अशाच कटुतेपोटी तर झाले नाही ना, याची चौकशी करावी, म्हणजे कटुता दूर होऊन देवाला शुद्ध दान अर्पण करता येईल. या काळाचा इतका जुना उल्लेख, आणि तो येतो अधिकाऱ्यांच्या तपासणीच्या संदर्भात! उपवासकाळाच्या आधी अधिकारपदावरच्या माणसांनी स्वतःच्या निर्णयांकडे वळून पाहायचे, अशी ती व्यवस्था होती. आज आपल्यात कोणी कधी अशी बैठक घेतो का? कोणाचे नाव यादीतून का कमी झाले, कोणाच्या घरी पाच वर्षे कोणी पाय का ठेवला नाही, कोणाला गायनवृंदातून का काढले, हे उपवासकाळाआधी एकदा तपासले जाते का?

मिलानचा बिशप अँब्रोस याचे उदाहरणही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. 390 मध्ये थेस्सलनीका शहरात सम्राट थिओडोसियसच्या हुकुमाने हजारो लोकांची कत्तल झाली. अँब्रोसने सम्राटाला पत्र लिहिले की तू उपस्थित असशील तर मी अर्पणविधी करू शकत नाही. त्या पत्रात त्याने दावीद आणि नाथानाचीच आठवण करून दिली होती. सम्राटाने राजवस्त्रे उतरवून चर्चमध्ये सर्वांसमोर रडून पश्चात्ताप केला. थेस्सलनीकाच्या विधवांना क्षमेचा उपदेश करणारे पत्र लिहिणे अँब्रोसला सोपे गेले असते, आणि धोकाही काही नव्हता.

कॅथलिक बंधूंना मी 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथातल्या परिच्छेद 1459 ची आठवण देतो. पापक्षमेने पाप दूर होते, पण पापाने जी मोडतोड केली ती सगळी आपोआप सावरत नाही, चोरलेले परत द्यावे, कोणाची बदनामी केली असेल तर त्याचे नाव पुन्हा उजळावे, इजेची भरपाई द्यावी, साध्या न्यायाची ती मागणी आहे, असे तिथे स्पष्ट आहे. प्रॉटेस्टंट बंधूंना 1517 च्या ल्यूथरच्या 95 सूत्रांतले पहिलेच सूत्र आठवेल: श्रद्धावंताचे सगळे आयुष्यच पश्चात्ताप व्हावे अशी प्रभूची इच्छा आहे. आपले इतर बाबतींत मतभेद असतील. या बाबतीत दोन्हीकडचे पुस्तक एकच बोलते, आणि दोन्हीकडे ते कपाटात आहे.

बदनामीचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबतो, कारण पैसा तरी मोजून परत देता येतो. कोणाबद्दल खोटे बोललो असू तर ते परत कसे देणार? एकच मार्ग दिसतो. ज्या माणसांसमोर बोललो त्याच माणसांसमोर जाऊन 'ते खोटे होते' असे सांगायचे. आपल्या कानात कबूल करून पुढे जाणाऱ्याला फादरांनी एवढे विचारावे: हे किती जणांनी ऐकले? पाळकसाहेबांनी मंडळीतल्या दोन गटांची दिलजमाई करताना विचारावे: पहिली अफवा कोणी उठवली, आणि ती मागे घ्यायला तो तयार आहे का? सगळ्यांना वेदीपुढे उभे करून हात मिळवायला लावणे सोपे असते. त्या हातांतला एक हात दर वेळी गिळून टाकलेल्या शब्दांनी थरथरत असतो. तसल्या समेटाचे फोटो काढू नका.

मंडळीकडूनही अपराध होतात आणि तेव्हा काय करायचे याचेही दाखले आपल्याकडे आहेत. 12 मार्च 2000 रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्स बॅसिलिकात मंडळीच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांसाठी देवाकडे क्षमा मागितली. दहा वर्षांनी, 19 मार्च 2010 रोजी, तोही उपवासकाळच होता, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहिले. धर्मगुरूंकडून मुलांवर झालेल्या अत्याचारांबद्दलचे ते पत्र होते. त्या पत्रावर पुष्कळ टीका झाली, ती अनाठायी होती असे मला वाटत नाही. पण त्यातला क्रम लक्षात घ्या. वेगवेगळ्या गटांशी बोलताना ते सर्वांत आधी अत्याचार झालेल्यांशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी बोलले, आणि तुम्हाला क्षमा करणे किंवा मंडळीशी समेट करणे जड जात असेल तर ते समजण्यासारखे आहे, असे त्यांना सांगितले. त्यानंतर अत्याचार करणाऱ्यांकडे वळून, तुम्हाला देवासमोर आणि न्यायालयासमोरही उत्तर द्यावे लागेल, असे बजावले. हे जर रोमहून लिहिता येते तर आपल्या रविवारच्या प्रवचनातही म्हणता येईल.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत महाउपवास सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी क्षमेची सांजप्रार्थना असते. शेवटी धर्मगुरू लोकांपुढे वाकतो आणि त्यांची क्षमा मागतो. मग एकेक जण एकमेकांपुढे वाकतो. सुरुवात वेदीकडून होते. आपल्या मिस्सातही, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीतही, शब्द तेच आहेत: मी सर्वसमर्थ देवाजवळ आणि बंधुभगिनींनो, तुमच्याजवळ कबूल करतो. 'तुमच्याजवळ' हा शब्द आपण रोज म्हणतो आणि त्या 'तुम्हां'कडे मान वळवून पाहत नाही. यंदा राखेच्या बुधवारी, आमच्या कपाळाला राख लावण्याआधी, तुम्ही आमच्याकडे तोंड करून एकदा तो शब्द थांबून म्हणाल का? कोणाला दुखावले असेल ते तुम्हाला आठवत असेल. नाव घेण्याची गरज नाही. मिस्सा संपल्यावर त्याच्याकडे गेलात तर पुरे.

दादाचे पैसे फेडायला मला तीन वर्षे लागली. मूळ हिस्सा, आणि वर पाचवा भाग. पहिल्या दिवशी मी त्याच्या दारात उभा राहून जे केले ते शब्दांत सांगितले, 'चुकून' किंवा 'गैरसमजातून' असे न म्हणता. तो ऐकत राहिला. दार लावले नाही, आत येही म्हणाला नाही. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी त्याने वही काढली, आकडे जुळवले आणि म्हणाला, 'हिशेब बरोबर आहे.' त्यापलीकडे काही नाही. त्या ईस्टरला तो प्रभुभोजनाच्या रांगेत होता, माझ्या मागे सहा-सात माणसे सोडून. मी मागे वळून पाहिले नाही, आता बघण्याची पाळी त्याची आहे असे मला वाटले. आमचे बोलणे अजून होत नाही. त्याच्या मनात काय चालले आहे ते मला माहीत नाही, आणि ते विचारण्याचा हक्क मी स्वतः गमावला आहे.

दोन आठवड्यांपूर्वी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला प्रेमाने सुचवले की आता सगळे फिटले आहे तर या उपवासकाळात आपण काही जण दादाकडे जाऊ, समेट घडवून आणू, ईस्टरला दोघे भाऊ एकत्र वाचनाला उभे राहा. त्यांना मी नको म्हणालो, आणि हे पत्र लिहायला बसलो.

तेव्हा शेवटची विनंती. कृपा करून यंदा दादाच्या घरी कोणाला पाठवू नका. या मंडळीत ज्यांच्या हातून माझ्यासारखे घडले आहे आणि जे अजून तीन मोघम वाक्ये म्हणून उठत आहेत त्यांच्याकडे जा. कसे सांगावे, कुठून सुरुवात करावी, हप्ते कसे पाडावेत, दारात उभे राहिल्यावर काय म्हणू नये, हे त्यांना कोणाशी बोलायचे असेल तर त्यांना माझ्या घरी पाठवा. संध्याकाळी मी घरीच असतो.

आपला प्रभूतील बंधू,
मंडळीतला एक श्रद्धावंत